चिरलेल्या बांबूवरची खूण

गाओलान, ११ जून १९८७

चि. तिंगशान यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

आबांची मापाची काठी पुलाच्या छपराखालच्या माळ्यावर नाही. पू-लुंगबाबा काल सकाळी स्वतः शिडी लावून वर गेले होते. खाली येऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी ते भरून ठेवतात त्या चहाच्या रांजणाशेजारी बसले आणि म्हणाले की नाही, तुळईवर नुसती धूळ आहे.

पुराचं तुला कळलंच असेल. अठ्ठावीस मेला पश्चिमेकडचा अर्धा पूल गेला, छपरावरची मधली छत्री आणि पलीकडची छत्री धरून. प्रत्येक घराने एकेक फरचं झाड दिलं. आपण शुआनच्या जन्माला लावलेलं दिलं. लेकीच्या लग्नाचं झाड पुलाला दिलंस, आता तिला पुलावरूनच सासरी पाठव, म्हणून बायका चिडवतात. झाडं सोलून नदीकाठी पडली आहेत, पण काठी हातात आल्याशिवाय करवतीला हात लावणार नाही असं लू मिस्त्री म्हणतात. त्यांचं खरंच आहे. पूल बांधताना कागदावर आबांनी एक रेघ मारली नाही. जे माप होतं ते खुणा करून त्या चिरलेल्या बांबूच्या काठीच्या पोटावर. वर तालुक्याचा माणूस येऊन सांगून गेला, की भाताच्या कापणीआधी काम उभं दिसलं नाही तर आम्ही सिमेंटचा पूल टाकू.

आता संशय कोणावर, तर फान गुरुजींवर. नानिंगच्या कॉलेजात शिकवतात. एप्रिलमध्ये पूल पाहायला म्हणून आले ते अजून आहेत. रोज पुलावरच्या बाकावर बसून चित्रं काढायची, खांबाखांबाला टेप लावायची. बुद्धिबळवाले म्हातारे त्यांना विचारायचे, की काय गुरुजी, कालच्यापेक्षा वाढला का खांब? आंबवलेला मासा खाताना तोंड असं करतात की माशालाच लाज वाटावी. सगळे हसायचे, पण मला तो माणूस पहिल्यापासून खटकत होता. फुकटचं एवढं प्रेम कोण करतं एका पुलावर? त्यांनी मला दोनदा विचारलं, की तुमच्या वडिलांनी ही मापं कशावर उतरवून ठेवली? मी बावळट, काठी माळ्यावर असते हेसुद्धा सांगून बसले.

काल ढोलाच्या मनोऱ्याखाली सभा झाली, तिथे मी उठून हे सगळं बोलले. मंडळींनी त्यांची पिशवी आणि वही मनोऱ्यात कुलुपात ठेवली आहे. काठी मिळेपर्यंत त्यांनी बसमध्ये पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

तू लिउझोउला आहेस. जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडे जरा कान लावून बघ, असा बांबू कोणी आणला होता का. बागेच्या तळ्यावरचं तुझं पुलाचं काम कुठवर आलं? नववर्षाला आलास तेव्हा किती वाळला होतास! चिकट भात पाठवते आहे, कामगारांत वाटून टाकू नकोस.

पत्र लवकर टाक, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

लिउझोउ, १७ जून १९८७

ती. ताईस तिंगशानचा सा. न.

पत्र आणि भात दोन्ही पोचले. भात एका बैठकीत संपला, वाटला नाही.

पुराबद्दल ऐकलं होतं, पण मधली छत्री गेली हे तुझ्या पत्रातूनच कळलं. दोन दिवस काही सुचलं नाही. जुन्या बाजारात जाऊन तीन दुकानदारांना विचारलं. एक म्हणाला की फाटका बांबू कोण घेतो, हवा असेल तर माझ्या छपराचा काढून देतो. तेव्हा त्या वाटेने काही मिळेलसं वाटत नाही.

ताई, एक सांगतो, रागावू नकोस. फान गुरुजींना धरून ठेवणं बरं नव्हे. कॉलेजातला माणूस आहे, उद्या वर कुठे तक्रार केली तर गावाचं नाव जाईल. शिवाय विचार कर, एप्रिलमध्ये ते आले तेव्हा माळा रिकामाच होता, मग त्यांनी नेणार काय? चित्र काढणाऱ्याला बांबूचा उपयोग तरी कोणता? तुला पहिल्यापासून परका माणूस दिसला की कोंबड्या मोजायची सवय आहे. लू मिस्त्रींना म्हणावं, उभ्या राहिलेल्या खांबांवरून माप घ्या आणि कामाला लागा. उगाच अडून बसू नका.

इथलं काम चाललं आहे. साहेबांना घाई आहे, तळ्याकाठी दिवे लावूनसुद्धा झाले. मी बरा आहे, काळजी करू नये. शुआनला तिच्या मामाकडून खाऊ पाठवतो.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुझा,
तिंगशान

*

गाओलान, २२ जून १९८७

तिंगशान,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

एप्रिलमध्ये माळा रिकामा होता, हे तुला कोणी सांगितलं? आबा गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून तिथे कोणी चढलेलं नाही. काठी कधीपासून नाही हे गावात एकालाही सांगता येत नाही. लू मिस्त्रींना नाही, पू-लुंगबाबांना नाही, मला नाही. तुला तेवढं महिन्यानिशी ठाऊक.

मी पू-लुंगबाबांना सहज विचारलं, की इतक्यात शिडी कोणी मागितली होती का. ते म्हणाले की तुझ्याच भावाने, नववर्षाला, कौल सरकलंय ते बसवतो म्हणून. आणि वर म्हणाले, असा गुणी मुलगा, सणाला आला तरी पुलाची काळजी! मी हो म्हणून घरी आले.

आता इकडचं ऐक. काल फान गुरुजी पुलावर येऊन बसले, तर बुद्धिबळवाले डाव उचलून दुसऱ्या टोकाला गेले. गुरुजींनी आपल्या हाताने रांजणातून चहा घेतला. ते निघून गेल्यावर बाबांनी तो वाडगा नदीत फेकला. ज्या बाबांनी आयुष्यात कोणाला तहानलेलं पुढे जाऊ दिलं नाही, त्यांनी. हे माझ्या जिभेचं काम आहे. मी उठून बोट दाखवलं नसतं, तर त्या माणसाला कोणी पाण्याला नाही म्हटलं नसतं.

मला बाजारातल्या गोष्टी नकोत आणि शुआनला खाऊही नको. हो किंवा नाही, एवढंच लिही.

ताई

*

लिउझोउ, २८ जून १९८७

ती. ताईस,

हो.

इथे मी सांगितलं होतं की पूल बांधणाऱ्या वू मिस्त्रींचा मुलगा आहे, घरचीच विद्या आहे. विद्या कुठली! आबा शिकवायला तयार होते, मीच थांबलो नाही. वाटलं, काठी जवळ असली की बाकी जमेल. काम उरकून पुढच्या नववर्षाला परत ठेवणार होतो. आईची शपथ.

यापुढचं याहून वाईट. खांबाएवढी लांब काठी बसच्या टपावर टाकली असती तर अख्ख्या गावाने ओळखली असती. मी मागच्या मळ्यात जाऊन तिचे दोन तुकडे केले आणि रजईत गुंडाळून आणले. करवत नेमकी मधल्या छत्रीच्या तुळईच्या खुणेवरून गेली. भुशात गेली ती खूण. इथे तुळया चढवल्या तेव्हा कळलं. एक टोक खाचेत बसतं, दुसरं तीन बोटं अलीकडे राहतं. कामगार म्हणतात, की मिस्त्री, समोरच्या खांबालाच जरा पुढे सरकायला सांगा. सुट्टीत गावी येऊन उभ्या छत्रीवरून गुपचूप माप घ्यावं असा विचार होता. आता पुरात ती छत्रीही गेली. ते माप आता ना तुमच्याकडे, ना माझ्याकडे.

ताई, आबांच्या नावासाठी एवढं कर. मी तुकडे घेऊन येतो आणि तुला देतो. तू म्हण की पुराच्या गाळात सापडले, मोडके. लोक मानतील, तुझ्या शब्दाला गावात वजन आहे. फान गुरुजींना चार दिवसांनी सोडून देतील. ते परके, पुन्हा कशाला येतील आपल्याकडे? मला मात्र जन्मभर त्याच पुलावरून यायचं आहे.

तू नाही म्हणणार नाहीस, या भरवशावर,

तिंगशान

*

गाओलान, ४ जुलै १९८७

चि. तिंगशान यास आशीर्वाद.

गाळात सापडली म्हणायचं, आणि कापलेल्या टोकाचं काय सांगायचं? पूर करवत घेऊन आला होता? लू मिस्त्री ते टोक एकदा बघतील आणि माझ्याकडे एकदा बघतील. पण तो प्रश्न नव्हेच. गाळातून निघाली तरी फान गुरुजींवरचा डाग जात नाही. लोक म्हणतील, पकडला गेला म्हणून नदीत टाकली.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी मनोऱ्याखाली गेले. वडीलमंडळींना सांगितलं, की काठी कुठे आहे मला माहीत आहे, गुरुजींनी ती डोळ्यांनीही पाहिलेली नाही, मी चुकीचं बोट दाखवलं. नाव विचारलं. मी म्हटलं, ते ज्याचं त्याने सांगावं. कोणी फार विचारलं नाही. बाबा माझ्याकडे बघत होते, मला वाटतं त्यांना शिडी आठवली असावी. कुलूप काढून पिशवी परत दिली.

मी पाहुण्याला देतात तसा तेलचहा करून गुरुजींकडे गेले आणि माफी मागितली. त्यांनी वाडगा रिकामा केला. मग वही उघडून दाखवली. मधल्या छत्रीची एकूण एक तुळई त्यात आहे, एप्रिलमध्ये टेप लावून लिहिलेली. तुझ्या करवतीने खाल्लेलं मापसुद्धा. लू मिस्त्री तासभर ती पानं बघत होते. शेवटी म्हणाले, की या माणसाला आपण चोर म्हटलं.

गुरुजी वही द्यायला तयार आहेत. त्यांचं मागणं एकच. ज्या ठिकाणी सगळ्यांसमोर त्यांना चोर ठरवलं, त्याच ठिकाणी, नेणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगावं. मंडळींनी सोळा तारीख, गुरुवार ठरवला आहे. दंड काय व्हायचा तो होईल. डुक्कर कापून गावाला जेवण घालावं लागेल हे धरून चाल, आणि आपल्या उस्तादाची काठी कापली म्हणून लू मिस्त्री जे बोलतील ते खाली मान घालून ऐकून घे. सभेत आधी मी उठणार आहे, कारण बोट माझं होतं. माझ्यामागून तू.

माझा लोभ होता तेवढाच आहे. नसता तर नाव त्या दुपारीच सांगून मोकळी झाले असते. पण तू येशीलच असं मला खात्रीने म्हणता येत नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, तरी लिहिते.

तालुक्याची बस साडेअकराला येते. मी थांब्यावर येणार नाही. दोन्ही तुकडे खांद्यावर उघडे घेऊन उतर आणि रस्त्याने ये, मळ्यातून नको. तू दिसलास की सभेचा ढोल वाजेल. नाही दिसलास तर शुक्रवारी सकाळी वाजेल, आणि नाव मी सांगेन.

ताई