नरसिंहाचा मुखवटा मागणाऱ्या नातवास

मोखाडा,
ता. ६ मार्च २००५

चि. हेमंतास आजीचा आशीर्वाद.

इथे सगळं ठीक. शेळी व्याली. मोहाची फुलं पडायला लागलीत. गुडघे होते तसेच आहेत. अक्षर माझंच आहे, वाकडं असलं तरी वाच. तुझ्या बहिणीला, प्रतिभाला, लिहायला सांगितलं की ती मास्तरीण माझं बोलणं गोड करून टाकते.

तुझ्या पुस्तकावरचा सिनेमा पाहिला. जव्हारला इदरीस शिंप्याकडे सीडी लावली होती. पुस्तक प्रतिभाने आधीच वाचून दाखवलं होतं. त्यातला पोरगा उपास धरून बोहाड्यात, रात्रभर देवांची सोंगं नाचतात तिथं, नरसिंहाचं सोंग घेतो. मुखवटा चढला की त्याची आईच त्याच्या पाया पडते आणि तो आत थरथरतो. स्वतःच्या रागापायी हात उगारला की ताकद जाते. ऐकून मी म्हटलं, कार्ट्याने बोहाड्यात नुसत्या पेंगा काढल्या नाहीत.

सिनेमात आईच नाही. उपास नाही. आभाळातून दगड पडतो, त्यातून सिंहाचा टोप निघतो आणि तुझा नायक तो घालून माड्यांवरून उड्या मारतो. मधेच पोरीबरोबर गाणं, तेव्हा टोप मोटारीच्या टपावर! मी विचारलं, "देव कुठं गेला?"

प्रतिभा म्हणाली, "सगळ्या धर्मांच्या लोकांना चालावं म्हणून काढला असेल, आजी."

इदरीस भडकला. "आमचं नाव कशाला पुढं करतात? देवाचा अंगरखा मीच शिवतो. हातपाय धुतल्याशिवाय कात्री धरत नाही. मला चालतं, यांना काय होतंय?"

उड्या मात्र झकास होत्या. खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या पत्राचं. पुढच्या भागाला कंपनीला आपला खरा मुखवटा हवा, जीप पाठवतो म्हणतोस. वर सिनेमाचं वेगळं असतं म्हणून मला शिकवतोस. असेल वेगळं. जीप पाठवू नको.

तुझा बाप रोहिदास गेल्यापासून मुखवटा फडक्यात बांधून आढ्याला आहे. मी खाली काढलेला नाही. पंच विचारायला आले, यंदा नरसिंह कोण नाचवणार? घरचा पुरुष उभा राहिला नाही तर सोंग दुसऱ्या घरी जातं, तुला ठाऊक आहे. मी त्यांना चहा पाजला आणि शेळीचं सांगत बसले. परत आले तेव्हा त्यांच्यातला पांड्या बोललाच, "गोजाबाई, तुमचा हेमंत देव विकतो आता, नाचवील कशाला?"

मग तुझं नाव सांगून मोकळी झाले. तुला विचारलं नाही.

होळी झाली की बोहाडा. आधी येऊन उपास धर. इदरीस माप मागतोय, रोहिदासचा अंगरखा तुला ढगळ होईल. नाही आलास तर मुखवटा पांड्याच्या घरी देईन. तो तोंडाळ आहे, पण उपास मोडत नाही.

आत्ता आशीर्वाद देते तो घेऊन ठेव. मुखवटा चढल्यावर मला तुझ्यापुढे वाकायचं आहे.

गोजाबाई