चारशे सभासदांचा एकदिलाने पाठिंबा, दोन्हीकडे

जावक क्र. ४२

ती. बापूसाहेबमामांच्या पायांशी भाचा रामहरीचा नमस्कार.

इकडे राजेश्वरी, पोरं आणि दोन्ही म्हशी खुशाल. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या खेपेला तुम्ही पायऱ्या आडव्या उतरत होता ते बघून जिवाला घोर लागला. मामींचा खोकला थांबला असेल. भिगवणला धरणावरचा वारा थेट घरात शिरतो, कानाला काहीतरी बांधायला सांगा. (माझं त्या ऐकत नाहीत, तुमचंही ऐकत नाहीत, पण सांगणं आपलं काम.) पत्र मुद्दाम कागदावर लिहितोय, कारण मोबाइलवर लिहिलेलं चहा गार व्हायच्या आत कोऱ्हाळ्यापासून इंदापूरपर्यंत पोचतं, हे आम्ही या आठवड्यात भोगलं आहे.

मामा, आता मुद्द्याचं. बारामतीचा वेगळा जिल्हा करा म्हणणारी एक समिती आहे, आणि इंदापूर पुण्यातच राहू द्या म्हणणारी दुसरी, जिचे अध्यक्ष तुम्ही स्वतः. आमच्या दूध पावडरच्या कारखान्यात चारशे कामगार, निम्मे बारामती तालुक्यातले, निम्मे तुमच्या इंदापूरकडचे. म्हणून संघटनेचा सरचिटणीस या नात्याने मी दर सभेत घसा फोडून सांगत आलो की या भानगडीत आपण पडायचं नाही. युनियनने मशीन बघावं, रजा बघाव्यात, कँटीनची आमटी बघावी. जिल्हा कुठलाही असो, आमटी पातळच राहणार आहे. आणि मंगळवारी पेपर उघडतो तर काय, तिसऱ्या पानावर शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे आमच्या संघटनेचा नव्या जिल्ह्याला जाहीर पाठिंबा, उजवीकडे आमच्याच संघटनेचा नव्या जिल्ह्याला जाहीर विरोध. दोन्ही लेटरहेडं आमची, दोन्हींवर अध्यक्षांची आणि माझी सही, दोन्हींचा जावक क्रमांक ४१, आणि दोन्हीकडे 'चारशे सभासद एकदिलाने'. मी पेपर उलटा धरून पाहिला, चष्मा पुसून पाहिला, राजेश्वरीकडून वाचून घेतला. दोन अधिक दोन चार होतात, पण चारशेचे आठशे झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

हे झालं कसं, ते सांगतो. आमचे अध्यक्ष, बारामतीकडच्या वडगावचे माधवराव, लग्नसराईत कुणाच्या हाती लागत नाहीत. म्हणून आम्ही दोघांनी कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून ती कपाटात ठेवली होती. मजकूरही ठरलेला. मागे भिगवणला एक रेल्वेगाडी थांबावी म्हणून दिलेल्या पत्राचाच तो, नुसता विषय बदलायचा. पण घाईत शेवटची ओळ दोन्हीकडे तशीच राहिली, की सदर जिल्हा भिगवण येथे थांबलाच पाहिजे, अन्यथा आम्ही रुळावर बसू. त्या दिवशी स्टेशन मास्तरांचा दोनदा फोन आला.

डावीकडचं पत्र माधवरावांनी दिलं. ते छातीवर हात ठेवून कबूल झाले. त्यांचं म्हणणं, कामगार गेटच्या आत कामगार असला तरी गेटबाहेर मतदार आहेच, आणि जिल्हा झाला तर लेबर ऑफिससाठी पुण्याला दिवस मोडायला नको. मुद्दा बिनचूक आहे, म्हणून तर मला जास्त राग आला. पण उजवीकडचं कुणी दिलं? फोटोत देणाऱ्याचं तोंड नेमकं कागदाआड गेलंय, नुसतं मनगट दिसतं आणि त्यावर पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ. असं घड्याळ कुणाचंही असू शकतं. (माझं दुरुस्तीला टाकलंय.) घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथं तर कपाटच फिरलं.

आता यात मरण कुणाचं, ते ऐका. आमच्याकडे अनिता नावाची बाई पाकिटं सील करायच्या मशीनवर होती. मशीनला जाळी नव्हती, उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनला जाळी बसवा आणि बाईला झेपेल ते काम देऊन परत घ्या, यासाठी येत्या सोमवारी आम्ही सगळे गेटवर बसणार होतो. तोवर ती बिचारी युनियनच्या खोलीत जावक रजिस्टर सांभाळते. पेपर आला आणि मॅनेजरसाहेबांनी हसत विचारलं, बोलणी नव्या जिल्ह्याच्या युनियनशी करू की जुन्या? इंदापूरची पोरं माधवरावांच्या मागं बसायला तयार नाहीत, बारामतीची म्हणतात आपल्यातला फितूर आधी दाखवा. बुधवारी सभेत दोन्हीकडची माणसं बाह्या सरसावून उभी राहिली. तेव्हा अनिता उठली. आवाज चढवला नाही.

"माझी दोन बोटं गेली. ती नव्या जिल्ह्यात धरायची का जुन्या, येवढं तुमी मिळून सांगा. मंग मी घरी जाते."

सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. माधवराव तसेच उठले, गाडी काढून गेले, आपलं पत्र परत मागून आणलं आणि सगळ्यांसमोर फाडलं. आता सभेने ठरवलंय की तुमच्याकडचं पत्रही परत यावं आणि ते देणाऱ्याचं नाव कळावं. तुम्ही माझे मामा, म्हणून लिहायचं काम माझ्यावर आलं. त्या घरभेद्याचं नाव बेधडक कळवा, मी त्याची गय करणार नाही.

आपला आज्ञाधारक,
रामहरी

ता. क. १ : वरचं पत्र सभेत वाचून मंजूर झालं. 'घरभेदी' या शब्दाला टाळ्या पडल्या. इथून पुढचं खाजगी.

ता. क. २ : मामा, नाव कळवू नका. माधवराव एक कागद घेऊन गेले हे मला कपाट उघडताच कळलं होतं, मग वाटलं, आपल्या इंदापूरच्याच माणसांनी काय पाप केलंय? त्यात तुम्ही चिलापी माशाचा तिसरा तुकडा वाढलात, स्टेजवर शेजारी खुर्ची दिलीत, आणि कागद माझ्या खिशातून कधी निघाला ते मलाच समजलं नाही. बुधवारपासून त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नाही. पत्र गुपचूप परत पाठवा आणि सांगा की ते पोस्टाने आलं होतं.

ता. क. ३ : बापूसाहेबमामा, अक्षर डाव्या हाताचं आहे, समजून घ्या. टपाल मीच पाठवते, म्हणून सगळं वाचावं लागतं. फोटोतलं घड्याळ मी मंगळवारीच ओळखलं होतं. सभेत बोलले नाही, कारण सोमवारी गेटवर रामहरीदादा पाहिजेत, आणि इंदापूरची पोरं त्यांचंच ऐकतात. बोटं काही परत येत नाहीत, पण माझ्या जागी आता दुसरी बाई बसते, तिच्यासाठी जाळी पाहिजे. पत्र शनिवारपर्यंत पाठवा. नाही आलं, तर ता. क. २ ची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मामींच्या खोकल्याला ज्येष्ठमध द्या. — अनिता