आप्पांचं नाक आणि स्पेनची बाटली

ईट, ता. भूम
२२ जानेवारी

तीर्थरूप दाजी,

अंगदचा वाकून नमस्कार. राजेश्वरीताईची कंबर आता कशी आहे? इथं सगळे बरे आहोत. किती बरे, ते सांगायलाच हे पत्र. फोनच केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते, आणि दिवाळीला तुम्ही मला शर्टाच्या खोक्यात घालून जे दिलंत, ते तिला अजून शर्टच वाटतंय. (म्हणून पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर.)

ऑफिसच्या कामाला स्पेनला गेलात तेव्हा आणलेली ती बाटली देताना तुम्ही बजावलं होतं, की ही शेरी, म्हणजे द्राक्षाची दारू, तीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. लहान ग्लासात, जरा गार करून, आधी वास आणि मग एकेक घोट. मी मान डोलावली, पण डोक्यात शिरलं ते तीस वर्षं एवढंच. रंग अगदी काकवीचा. तीस वर्षं मुरल्यावर गोडीला काय विचारता, असं म्हणून दैवशाला कळंबला माहेरी गेल्यावर एका दुपारी स्टीलचा पेला भरला आणि एका दमात निम्मा केला. दाजी, तुमचा मान राखून त्या वेळी तोंडून काय निघालं ते लिहीत नाही. गोडीचा पत्ताच नव्हता. ठणठणीत कोरडी. वाटलं, प्रवासात नासली, म्हणून दोन चमचे साखर घातली. (तुम्ही डोळे मिटले असतील, पण पुढं वाचा.) साखर विरघळेना, म्हणून पेला जरा गॅसवर धरला, आणि नेमकी दैवशाला दारात. एसटी वेळेवर आली म्हणे. मी सांगितलं, पोटासाठी द्राक्षाचं आसव आणलंय. तिनं बाटली उलटसुलट केली, एक अक्षर लागेना, तेव्हा म्हणाली, एवढं लांबचं औषध आहे तर आधी आप्पांना द्या.

आप्पांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. पंचक्रोशीत असा गुळव्या नव्हता. नुसत्या वासावर कढई कधी उतरवायची ते सांगायचे. करोनाच्या तापात ते नाक गेलं. पुढच्या हंगामात लागोपाठ दोन कढया करपल्या, त्यांना कळलंच नाही, आणि त्यांनी गुऱ्हाळाला कुलूप लावलं. तेव्हापासून चार वर्षं घरात बसून. जेवायचे, पण कशाला चव आहे का नाही ते कधी बोलायचे नाहीत. आईनं एकदा मुद्दाम बिनमिठाची आमटी वाढली, तीही मुकाट्यानं प्यायले. त्या दिवशी आई चुलीपुढं बसून रडली.

तर दैवशालानं वाटीभर नेऊन दिली (बिनसाखरेची, नशीब). उभ्या जन्मात न प्यालेला माणूस. सुनेचं मन मोडू नये म्हणून वाटी नाकाशी नेली आणि तशीच धरून बसले. मी आडोशाला उभा. आप्पा म्हणाले,

"शेंगा कुणी भाजल्यात का?"

कुणीच भाजल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा वाटीपाशी नाक नेलं. संत्र्याची वाळकी साल आहे म्हणाले, जुनी लाकडी पेटी आहे, आणि कढईच्या काठाला धरलेली काकवी. आईचा विळीवरचा हात थांबला. ती उठली, हिंगाची डबी आणली, ओवा आणला, लसूण ठेचून आणला. हिंगाचा वास लागला, बाकी काही नाही. पण हिंग लागला.

मग रोज संध्याकाळी पाचाला, माठाशेजारी गार केलेली एक लहान वाटी. आप्पा फक्त वास घ्यायचे. टाकायची कशी, म्हणून मी प्यायचो. त्यांचं ऐकत ऐकत एकेक घोट घेऊ लागलो, आणि दाजी, ते खरंच सगळं तिच्यात आहे. गोड नाही हेच बरं. गोडीखाली यातलं काही सापडलं नसतं. एक घोट घेऊन निघालं तर स्टँडपर्यंत जिभेवर भाजक्या शेंगा रेंगाळतात. नवव्या दिवशी आप्पांना कोथिंबीर आली, बाराव्या दिवशी अवकाळी पावसात भिजलेली म्हैस. (त्यावर ते इतके खूश झाले, की म्हशीलाही नवल वाटलं.)

शेवटी मला राहवेना. आप्पा, ती दारू आहे, असं कबूल केलं. ते शांतपणे म्हणाले,

"पहिल्याच दिवशी कळलं. नाक गेलं हुतं माजं, अक्कल न्हाय."

बाटली आता संपली. आप्पांना रोज लागते, त्यांच्या नाकाखातर पुढच्या खेपेला दोन आणाव्यात. घरी सर्वांना यथायोग्य.

तुमचा मेव्हणा,
अंगद

ता. क. आप्पांनी पत्र वाचून घेतलं. त्यांना आता बाटली नको. ज्या दोन मागितल्या आहेत त्या माझ्यासाठी, हे स्पष्ट लिही म्हणाले. लिहिलं.

ता. क. २ खरं काम असं. परवा आप्पांनी कुलूप काढलं. कढईवर वाकून उभे होते. वेळेवर उतरवली. त्यातली पाच किलोची ढेप सोबत पाठवतोय. स्पेनला जाताना तुमचे दोन सूट कमी करा, पण ही न्या, आणि ती शेरी तीस वर्षं ज्यानं सांभाळली त्या माणसाच्या हातात द्या. कुठला गूळ, कुणाचा, काही सांगू नका. नुसता वास घ्यायला सांगा. तो काय म्हणतो ते शब्दन् शब्द लिहून आणा; आप्पा वाट बघतायत.