शेवटची पोळी

३ नोव्हेंबर
खारघरला आले. सहावा मजला, समोर डोंगर, भरपूर उजेड. मालकीण श्रुती कॅनडात. तिचे वडील गेल्यापासून घर बंद होतं. मी इथे राहायचं, घर नीट ठेवायचं, चित्रांवरची धूळ पुसायची. मुख्य म्हणजे कान्हा चालतो. जुन्या सोसायटीत त्याच्यावरून रोज भांडण. हे गेल्यापासून मला त्या कुत्र्याशिवाय कोणी नाही. त्याला सोडून मी कुठेही राहणार नाही, असं फोनवर आधीच सांगून टाकलं.

५ नोव्हेंबर
हॉलमध्ये जुन्या युरोपी चित्रांच्या नकला आहेत आणि प्रत्येकात कुत्रा. कपाटातलं या चित्रांवरचं पुस्तक समोर ठेवून बघते. सहाशे वर्षांपूर्वीच्या नवराबायकोच्या पायाशी झिपरं पिल्लू, मग राजपुत्राचा दांडगा कुत्रा, मग बाईच्या मांडीवरचं इवलंसं. मला आवडला तो खुर्चीत बसलेला, काळ्या कोटातला म्हातारा. एका हातात साखळी, दुसरा आपल्या शिकारी कुत्र्याच्या डोक्यावर. चेहरा कडक, पण हात किती मायेचा! हे कान्हाला असंच थोपटायचे.

८ नोव्हेंबर
तो शिकारी कुत्रा फारच रोडका वाटतो. शेवटची पोळी कुत्र्याची, ही आमच्या घरची रीत. आज अर्धी कान्हाला दिली, अर्धी चित्राखाली ठेवली. झाडायला येणारी राहीबाई हसायलाच लागली. म्हणाली, चित्राला पोली घालताव? उद्या टीवीला च्या पाजाल!
संध्याकाळी तिथे पोळी नव्हती. कान्हा तर दिवसभर माझ्याजवळ बाल्कनीत होता.

११ नोव्हेंबर
रोज ठेवते. रोज संपते. चित्रातल्या कुत्र्याच्या बरगड्या आता दिसत नाहीत. मानही वळली आहे. मालकाकडे नाही, माझ्याकडे.

१२ नोव्हेंबर
सकाळी चित्रात कुत्राच नाही. म्हाताऱ्याचा हात तसाच हवेत. साखळी रिकामी लोंबते आहे. हॉलमधून ओट्यापर्यंत तपकिरी पावलं उमटलीत, पुढे काहीच नाही. त्यांना तेलरंगाचा वास येतो. तो कुत्रा माझ्या पोळीच्या मागे आला. त्या माणसाचं एकुलतं एक जनावर मी त्याच्यापासून तोडलं.
श्रुतीला फोन केला. ती म्हणाली, बाबा शेवटी शेवटी त्या चित्रावर चादर टाकून ठेवायचे, का ते आम्ही विचारलं नाही.
चादर टाकली. दोनदा खाली पडली. म्हातारा कान्हाकडे बघतो आहे. उद्या कान्हाला घेऊन निघते.

१३ नोव्हेंबर
पिशवी भरत होते, दोन मिनिटं. कान्हा नाही. दाराची कडी आतून लावलेली—
चित्रात आहे. गळ्यात साखळी. डोक्यावर तो हात.

१३, दुपार
हाक मारली. कान हलला. परत मारली— उठला. येतो आहे माझा गुणी—
साखळी ताणली. म्हाताराही उठला. कान्हाच्या मागून चालतो आहे. दोघे मोठे होत आहेत.
मी गप्प झाले की कान्हा थांबतो. तोही थांबतो. कान्हा रडतो आहे. म्हाताऱ्याची नजर आता कान्हावर नाही, माझ्यावर—
गप्प राहिले तर वाचेन. पण कान्हा—
ये. ये रे बाळा. अजून एक पाऊल, ये—