पंच क्रमांक एक

बाबा, परवा दुपारी तिने दोषारोपपत्राची झेरॉक्स इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि जप्ती पंचनाम्याच्या तळाशी, ‘पंच क्रमांक एक’समोर, मला तुमची सही दिसली. तिथून माझं सगळं बदललं. पंचनामा यंदाच्या उन्हाळ्यातला आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली.

वर्षभर ती माझ्याशी बोलली नव्हती. ती म्हणजे तीच, जिच्यापायी मी कॉलेज सोडलं म्हणून गाव हसतं; आणि आता आपल्या इस्त्रीच्या टपरीवर आली ती तुमच्या सहीसाठी. तिचा भाऊ जेलात आहे, विहिरीवरची मोटार चोरल्याच्या गुन्ह्यात. कागद म्हणतो, मोटार त्याच्या गोठ्यात कडब्याखाली सापडली, दोन पंचांसमक्ष. म्हणजे तुमच्यासमक्ष. “हे तुह्या बाबाचंच नाव हाय ना? मले हो का नाही तेवढं सांग,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. “मंग मेलेल्या मान्सानं कडबा उपसला काय?”

मला सगळं ठाऊक होतं. ते दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत: मी बारावीत आहे. ठाण्यासमोरच्या आपल्या टपरीत जमादार ड्रेस टाकायला येतात, सोबत कागदांचा गठ्ठा असतो. तुम्ही इस्त्री उभी करता, हात पुसता आणि कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करत सुटता. मी विचारतो, न पाहता सही काऊन करता? तुम्ही मान वर न करता म्हणता, “साहेबानं पाह्यलं म्हनजे आपनच पाह्यलं. तू इस्त्री पाह्य, कपडा जळून राह्यला.” जमादार हसतात. शांतता समितीच्या बैठकीत त्यांनी तुम्हाला शाल दिली, प्रतिष्ठित नागरिक म्हणून. रस्त्यावरच्या सगळ्यांच्या टपऱ्या उठल्या तेव्हा आपली राहिली. हेही मला कळतं, बाबा. त्या टपरीवरच मी वाढलो. पण तुमचा कोरा कागद कुणाच्या गळ्याला लागेल हे तुम्ही एकदाही विचारलं नाही.

कायदा काय अवघड आहे? झडतीला त्या भागातली दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं बोलवा, त्यांच्यासमोर झडती घ्या, मग सह्या घ्या. आता तर चित्रीकरणही करायला सांगितलंय. लोकांच्या घरात शिरायचा, माणूस उचलायचा अधिकार पोलिसांना दिला तो काही फुकट नाही दिला, या अटींवर दिलाय. बी. ए. अर्धवट टाकलेल्या पोराला हे दोन दिवसांत वाचून समजतं, मग त्यांना समजत नाही? चित्रीकरणाच्या जागी लिहिलंय, ‘मोबाइल बंद पडल्याने शक्य झाले नाही.’ झालं. एवढ्यावर एक माणूस आत.

तिचा भाऊ चोर आहे का, मला खरंच माहीत नाही. असेलही. पण ते शोधून काढायचं काम त्यांचं होतं, तुमच्या सहीचं नव्हतं.

काल ठाण्यात जाऊन मी आवाज चढवला. जमादारांनी खुर्ची पुढं केली. “बस बे. जुना कागद लागला असल चुकून. तुहा बाप सोन्यासारखा पंच होता, त्याले काऊन बदनाम करतं?” चहा आला. मी तो तसाच ठेवून उठलो.

घरी मायनं तुमच्या मृत्यूचा दाखला माझ्या हातात पाहिला आणि दारातच बसली. “मेलेल्या मान्साले कोर्टात उभं करतं काय बे? नाव होतं त्याईचं या गावात.” मी म्हटलं, नाव अजून आहे माय, पंचनाम्यात आहे. ती रडली. हे बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं.

तिच्या भावाच्या बुलढाण्याच्या वकिलाने दाखल्याची मूळ प्रत आज मागितली आहे. उद्या कोर्टात तुमच्या सगळ्याच सह्यांवर बोट ठेवलं जाईल. किती लोक त्या सह्यांवर आत गेले, हे विचारलं जाईल. जाऊ दे विचारलं. न्याय, कायदा असं मी कालपासून सगळ्यांना ठणकावून सांगतोय. तुम्हाला तेवढं खरं सांगतो: हा भाऊ तिचा नसता, तर हा दाखला मी पेटीतून काढला नसता.

गाडीची वेळ झाली. तुम्हाला लिहिलेला हा कागद उशीखाली सारतो, दाखला खिशात घालतो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.