सहावं रीडिंग

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०
चूक दुरुस्ती. काल ब्लड प्रेशर १३२/८४ लिहिलं. ते सहावं रीडिंग होतं. पहिलं १५६/९८. खोटं लिहिलं नव्हतं, फक्त आधीची पाच लिहिली नव्हती. तरी टोचत होतं. आता मन स्वच्छ.

पावडरीचा दहावा दिवस. आर्जिनिन, म्हणजे अमिनो आम्ल. डब्यावर लिहिलंय की रक्तवाहिन्या सैल होतात, रक्ताभिसरण सुधारतं. वास मात्र आठवडाभर न धुतलेल्या फडक्याचा. तळाशी गुठळ्या. नाक दाबून प्यायले. शी.

डॉक्टरीणबाईंनी २० तारखेपर्यंत मुदत दिली आहे. वरचा आकडा १४० च्या खाली आला नाही तर रोजची गोळी. अठ्ठाविसाव्या वर्षी! आत्याही 'बघू नंतर' म्हणत राहिली आणि एका सकाळी तिचं अर्धं तोंड वाकडं झालं. अजून घास ओघळतो. मला बघवत नाही. पण आत्या पावडर घेत नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार
पावडर आणून देणारा मावसभाऊ आमच्या काटेदुरुस्तीच्या दुकानात आला. घरात त्याला प्रोटीनच म्हणतात. म्हणाला, ताई, घाबरतेस काय, दुप्पट घे. तू स्वतःचं बीपी कधी मोजलंस, असं मी विचारलं. म्हणाला, मोजायचं कशाला, आरशात दिसतं की. दंड फुगवून दाखवला. दंडावर शीर, शिरेवर घाम. किळस आली. तरी दुप्पट घेतली.

दुपारी ४. पोट. चार वेळा. जास्त लिहिण्यासारखं नाही. डब्यामागे बारीक अक्षरांत दिलं होतं म्हणे.

८ नोव्हेंबर, शनिवार
खाटकाचा काटा दुरुस्तीला आला. ताटलीखाली वाळलेलं रक्त, चरबी, चरबीत रुतलेल्या दोन माशा. सुरीने खरवडलं. वर तो खाटीक मनासारखा आकडा येईपर्यंत ताटली ठोकत बसला. बाबा गालात हसले. मला शाळेत घालण्याआधी त्यांनी याच बाकावर बसवून शिकवलं होतं: तीन वेळा तोल, मधलं लिही, काटा कुणाच्या विनवण्या ऐकत नाही. हवा तो आकडा येईपर्यंत मोजणाऱ्यांची मला शिसारी येते.

आजचं रीडिंग १३४/८६. सातव्या वेळी. पहिली सहा घाईत घेतली होती, ती धरण्यात अर्थ नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बोटं गरम! रक्ताभिसरणाचा पुरावा. आईला हात लावून दाखवला. ती म्हणाली, बाई, तू आत्ता कढत पाण्यात भांडी घासलीस. वर म्हणाली, त्या घाणीला रोज नाक मुरडतेस, मग मोहरीएवढ्या गोळीनेच तुझं काय घोडं मारलंय? तिला समजावलं की गोळी जन्माची असते, पावडर कधीही सोडता येते. मग सोड, म्हणाली. आईला शास्त्र कळत नाही.

दवाखान्यात फोन करून २० ची वेळ ४ डिसेंबरवर ढकलली. पावडरीलाही न्याय मिळायला हवा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७
डोकं मागून ठणकतंय. पहिलं १६२/१००. नववं १४८/९४. दंडावर पट्ट्याचे वळ. आता खात्री पटली: यंत्रच खराब. सवलतीत घेतलेलं, दुसरं काय होणार! आमच्याकडे तराजूंबरोबर दाबाचे मीटरही तपासायला येतात. उद्या हे बाबांपुढे ठेवते. गिऱ्हाइकाचं म्हणून सांगेन. बाबांना वाटतं, पावडर केसांसाठी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाबांनी रबरी नळीला फाटा जोडला. एका तोंडाला यंत्र, दुसऱ्याला आपला प्रमाणित मीटर. तीन वेळा पाहिलं, मधलं लिहिलं. यंत्र चुकीचंच आहे. मी म्हणत होतेच.

कमी दाखवतं. आठने.

बाबांनी लाल चिठ्ठी चिकटवली, नापास. मग उगाच एक बटण दाबलं. त्या यंत्रात जुनी रीडिंग साठून राहतात. मला माहीत नव्हतं. सगळी. तारीखवार. बाबा एकेक वाचत गेले. मी उगीचच वजनं पुसत होते. त्यांनी विचारलं, कोण गं हे गिऱ्हाईक? एका सकाळी नऊ-नऊ वेळा मोजतंय. म्हटलं, आहे एक. त्यांनी नळी सोडवून गुंडाळली. मग यंत्र माझ्या हातात देत म्हणाले, त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, एकदा तुझ्या आत्याला जेवताना येऊन बघ.

१६ नोव्हेंबर, रविवार
१६२ अधिक ८. तीन वेळा बेरीज केली. तिन्ही वेळा १७०.

उरलेली पावडर मोरीत ओतली. मोरी तुंबली. पांढरा चिकट लगदा हाताने काढावा लागला. आई पाठीमागून म्हणाली, बघ, हे तू पीत होतीस.

दवाखाना आज बंद. उद्याही बंद. मी ठरवलं नाही, पाटीच तशी आहे. ४ डिसेंबर रद्द. परवा जायचं, आणि पट्टा बांधला की जे पहिलं येईल तेच धरायचं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ, दवाखाना उघडताच.