अठ्ठ्याण्णव टक्के

शिरूर कासार,
दि. ११ ऑगस्ट २०१९

चि. अंजनास,

सुग्रीवभाऊचा मनापासून आशीर्वाद. तुझी आई बाजारात भेटली. तू बीडला मावशीकडं बरी आहेस म्हणाली. इकडं दोन पाऊस झाले, चारा छावणी उठली. जनावरं आपापल्या दावणीला गेली. ती तुझ्यामुळं जगली, एवढं लिहायला मला तीन महिने लागले.

परवा बीडच्या एका दूध संस्थेतून फोन आला. संगणकाच्या जागेसाठी तुझा अर्ज आहे म्हणाले. "बाई भरवशाची आहे का? तुमच्या छावणीतलं मशीन तिच्या हातून बंद पडलं, असं ऐकतो."

अंजना, ते मशीन माझ्यामुळं बंद पडलं.

रोज सकाळी नऊशे जनावरांचे फोटो मशीनमध्ये साठवले की चाऱ्याच्या चिठ्ठ्या निघायच्या, ते तुला माहीतच आहे. साठवणीची जागा ऐंशी टक्के भरली की माझ्या मोबाईलवर इशारा यायचा. मग मी जुने फोटो दुसरीकडं हलवायचो. नेमका सप्ताह बसला आणि इशारे सुरू झाले. कीर्तनात दोनदा फोन वाजला. शेजारी बसलेला हरिबा सगळ्यांदेखत म्हणाला, "देवाला हात जोडतो का त्या डब्याला, बे?" लोक हसले. फोन बंद ठेवणं मला कामचुकारपणा वाटला. म्हणून फोन चालू ठेवला आणि इशाऱ्याची मर्यादाच अठ्ठ्याण्णववर नेली. चार दिवस निवांत भजन केलं. पाचव्या सकाळी इशारा आला. मी पोचेपर्यंत जागा संपून मशीन थांबलंही होतं. त्यानंतर छावणी उठेपर्यंत ती मर्यादा सत्तरवर ठेवली. वाजला तर वाजो.

तोवर तू जनावरांच्या नोंदीची वही उघडली होतीस. शिंगांवरून, कपाळावरच्या चांदावरून एकेक जनावर ओळखून हातानं चिठ्ठ्या लिहीत होतीस. वच्छलाबाई रडकुंडीला आली, "माज्या बैलाचा फोटो निघंना, मंग चारा न्हाई का?" तू मान वर न करता म्हणालीस, "मावशी, बैल समोर हाय की." दुपारपर्यंत एकही जनावर उपाशी राहिलं नाही.

नंतर बैठकीत छावणी चालवणाऱ्या आपल्या संस्थेचे चेअरमन अर्जुनराव म्हणाले, "पोरीनं कायतरी भलतंच दाबलं असंल." तू माझ्याकडं पाहिलंस. मी टेबलाकडं पाहिलं. तुला कामावरून कमी केलं, मला ठेवलं.

हे सगळं फोनवरच्या साहेबांना सांगितलं. मग अर्जुनरावांकडं गेलो. "झालं गेलं. आता कावून उकरता?" म्हणाले. मी लेखी दिलं, पोच घेतली. नक्कल सोबत आहे, लागेल तिथं दाखव. माझं काय करायचं ते आपली संस्था ठरवील.

स्वतः येणार होतो. पण समोर आलो की तू "असू द्या भाऊ" म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. म्हणून हे पत्र. रोज हरिपाठ झाला की तुझं नाव घेतो. तू नसतीस, तर त्या मुक्या जीवांची उपासमार घेऊन मला देवापुढं बसावं लागलं असतं.

तू पाहिलंस तेव्हा गप्प राहिलेला,
तुझा जन्माचा ऋणी,
सुग्रीव